खंडेनवमीचं इंजिन

ती गाडी घरात आली त्या दिवसापासून मी म्हणत होते, हे विकतचं दुखणं आहे. पण आमच्या घरात माझं ऐकतंय कोण! नवरा कॉलेजात असल्यापासून जुन्या अमेरिकन गाड्यांचा वेडा. होस्टेलच्या भिंतीवर इतरांच्या नट्या, याच्या गाड्या. अमेरिकेत मॉरिसव्हिलला आल्यावर आम्ही चारचौघांसारखी एक शहाणी, कमी पेट्रोल पिणारी जपानी गाडी घेतली, तेव्हा मला वाटलं, चला, सुटले.

आमच्या समोरच्या घरात एक म्हातारं गोरं जोडपं राहायचं. म्हातारा गेला. त्यानंतर नवरा त्या आजींचं गवत कापून द्यायचा, कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ओढून न्यायचा. त्यांनी घर विकून वृद्धांच्या निवासात जायचं ठरवलं, तेव्हा गॅरेजमधली म्हाताऱ्याची निळी गाडी त्यांनी माझ्या नवऱ्याला देऊन टाकली. म्हणजे रीतसर विकलीच, कागद केले, पण किंमत मायेची. ही गाडी म्हणजे मसल कार. पन्नास वर्षांपूर्वीची, पुढे लांबच लांब बॉनेट, मागे कशीबशी दोन माणसं, आणि सुरू केली की माझ्या स्वयंपाकघरातली भांडी वाजायची. मुलगी कानांवर हात ठेवून "स्टॉप इट, बाबा!" म्हणून ओरडायची आणि नवरा आणखी एकदा अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण नाही. एका रविवारी सकाळी तो गाडी घेऊन एका दुकानांच्या पार्किंगमध्ये गेला. तिथे म्हणे असे सगळे वेडे आपापल्या जुन्या गाड्या उभ्या करतात, बॉनेट उघडतात आणि कॉफी पीत एकमेकांची इंजिनं बघतात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिथे एक पांढऱ्या दाढीचा माणूस आमच्या इंजिनाकडे खूप वेळ बघत राहिला आणि मग त्यानं ते सांगितलं. त्या वर्षी कारखान्यानं काही मोजक्या गाड्यांत शर्यतीचं इंजिन बसवून दिलं होतं. कॅटलॉगमध्ये त्याचा उल्लेख नाही, कंपनीच्या दप्तरात नोंद नाही. ज्या डीलरला कुणाला विचारायचं हे ठाऊक होतं, त्यालाच ते मिळायचं. कुणी म्हणतं अशा चार-पाच गाड्या बनल्या, कुणी म्हणतं एकच, कुणी म्हणतं हे सगळं बिअर पिऊन रचलेलं. पण ही गाडी त्यातली असू शकते, असं तो म्हणाला, आणि त्यानं फोटो काढला.

नवरा घरी आला तो हवेतच. "अगं, ती असेल तर केवढ्याची असेल माहितेय का यार!" मी म्हटलं, असेल तर असेल, आधी भाजी चिरून दे.

तो फोटो इंटरनेटवर गेला. अशा गाड्यांच्या लोकांचे गट असतात, तिथे त्याची चर्चा सुरू झाली. राईचा पर्वत व्हायला काय लागतं! दोन आठवड्यांत आमची गाडी 'असू शकते' वरून 'तीच आहे' वर आली. कुणीतरी आमचं गाव लिहिलं, कुणीतरी समोरच्या म्हाताऱ्याला ओळखत होतं. मग आमच्या गल्लीत अनोळखी गाड्या फिरायला लागल्या. आमची गल्ली पुढे बंद होते, तिथे चुकून कुणी येत नाही. एखादा ट्रक यायचा, आमच्या घरासमोर अगदी हळू व्हायचा, शेवटी वळून परत हळू जायचा. एकदा एक माणूस उतरून गॅरेजच्या काचेतून आत डोकावून गेला. दाराच्या कॅमेऱ्यात त्याची पाठ दिसली, तोंड नाही. त्या पाठीनं माझी झोप उडवली.

आणि त्याच वेळी बाबा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे आले होते. आई गेल्यावर पहिल्यांदाच. नाशिकला बँकेत नोकरी करून रिटायर झालेले, इंग्रजी वाचतात झरझर, बोलायची वेळ आली की 'यस' आणि 'थँक्यू'. आम्ही दोघं ऑफिसला, मुलगी शाळेत, बाबा दिवसभर घरात एकटे. त्यांना मी शंभरदा बजावलं, "बाबा, कुणीही आलं तरी दार उघडायचं नाही." ते म्हणायचे, "अगं, दारात आलेल्या माणसाला काय काचेतून बघत बसायचं?"

शेवटी जे व्हायचं ते झालंच. ऑफिसात मीटिंगमध्ये होते, फोनवर दाराचा कॅमेरा वाजला. बघते तर पोर्चवर एक आडदांड माणूस. डोक्यावर टोपी, आणि कंबरेला पट्ट्यात खोचलेलं पिस्तूल. उघडं, सगळ्यांना दिसेल असं. इथे ते कायद्यानं चालतं. आणि दार उघडून माझे बाबा त्याला हातानं 'बसा, बसा' करत होते! मी मीटिंगमध्ये काय बोलले, बोलले की नाही, काही आठवत नाही. गाडी कशी चालवली तेही आठवत नाही. नवऱ्याला फोन केला तो ओरडूनच.

घरी पोचले तर तो माणूस पोर्चवरच्या खुर्चीत बसला होता, हातात पाण्याचा पेला. शेजारी बाबा स्टुलावर. नवरा माझ्या पाठोपाठच आला.

तो समोरच्या आजींचा मुलगा होता. दुसऱ्या राज्यात राहणारा, वडलांच्या अंत्यविधीनंतर आम्ही त्याला पुन्हा पाहिलं नव्हतं. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हळू बोलत होता. "ती माझ्या वडलांची गाडी आहे," तो म्हणाला. "आईला हल्ली फारसं कळत नाही. तुम्हाला ते माहीत होतं." नवरा म्हणाला, नाही, तसं नाही, कागद आहेत. त्यानं कागदांचं ऐकूनच घेतलं नाही. "शनिवारी सकाळी मी इंजिनातल्या एका जाणकाराला घेऊन येतो. इंजिनावरचा नंबर तो वाचेल. ते इंजिन असेल तर गाडी आमच्या घरी परत येईल. नसेल तर मी तुम्हाला पुन्हा दिसणार नाही." हे सगळं एका हातात आमचा पेला धरून. मी तोंड उघडायच्या आत नवरा 'ओके' म्हणून मोकळा झाला होता.

ती रात्र भांडणातच गेली. मी म्हटलं, पोलिसांना सांग. तो म्हणाला, "काय सांगू? पोर्चवर बसून पाणी प्यायला, हे सांगू?" मी म्हटलं, मग आताच गाडी देऊन टाक, पीडा जाऊ दे. तो म्हणाला, "दिली तर आपण म्हातारीला फसवलं असं कबूल केल्यासारखं नाही का?" आणि मग खरं ते बोलला, "ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. आत्ता कुठल्याही भानगडीत नाव नको." आम्हा व्हिसावाल्यांच्या घरात हे वाक्य आलं की वाद संपतो. दहा-दहा वर्षं कर भरा, घर घ्या, मुलं इथे जन्माला येऊ देत, तरी सगळा संसार एका कागदाच्या टोकावर. सिग्नल मोडताना सुद्धा माझ्या नवऱ्याला ते कार्ड दिसतं.

नंबराचं प्रकरण असं होतं. इंजिनाच्या पुढच्या बाजूला बोटभर रुंदीची एक सपाट पट्टी असते. कारखान्यात तिच्यावर आकडे आणि अक्षरं ठोकतात, त्यावरून कोणतं इंजिन कोणत्या गाडीसाठी बनलं ते कळतं. आमच्या इंजिनाच्या त्या पट्टीवर तेलाचा आणि मातीचा जाड काळा थर बसला होता. नवऱ्यानं टॉर्च मारून बघितलं होतं, काही दिसलं नाही, आणि पुसून बघायचं त्याला धाडस होत नव्हतं. "राहू दे, उगाच हात लावला असं नको व्हायला. शनिवारी त्यांच्यासमोरच पुसू." मला त्याचं पटलं. शनिवारपर्यंत मी एकच गोष्ट मागत होते: देवा, तिथे कुठलाही नंबर निघू दे, फक्त तो नको. तो माणूस परत आमच्या दारात नको.

शुक्रवारी खंडेनवमी होती.

आता ज्याच्या घरात खंडेनवमी असते त्याला मी काय सांगू? नाशिकला आमच्या घरी त्या दिवशी विळी, अडकित्ता, पाने, हातोडी, आईचं शिवणयंत्र, बाबांची स्कूटर, सगळं घासून पुसून लख्ख व्हायचं. कळकट वस्तूची पूजा करायची नाही, हा बाबांचा नियम. पण त्या आठवड्यात भीतीनं माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं. मी सकाळी डबे भरले आणि ऑफिसला पळाले. खंडेनवमी आहे हे मला संध्याकाळी बाबांनी आरतीला बोलावलं तेव्हा कळलं, आणि तेव्हाही मी फक्त देवघरातली विळी आणि स्क्रू-ड्रायव्हर बघितले. "गॅरेजमध्ये पण केलीय पूजा," बाबा म्हणाले. मी म्हटलं, बरं केलंत.

शनिवारी सकाळी ते लोक यायच्या थोडं आधी नवऱ्यानं गॅरेजचं दार वर केलं, बॉनेट उचललं, आणि मला हाक मारली. त्याचा तसला आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

ते इंजिन चकाकत होतं. बाबांनी भांडी घासायचा साबण, व्हिनेगर, जुने टॉवेल, दिसेल ते वापरून त्याला अक्षरशः अभ्यंगस्नान घातलं होतं. वर हळदकुंकवाची बोटं, झेंडूची दोन फुलं. आणि ती पुढची सपाट पट्टी, तिच्यावर पॉलिश पेपर मारून मारून ती आरशासारखी केली होती. कोरी. त्या पट्टीवर एकही आकडा नव्हता. नेमकं तिच्या मधोमध कुंकू लावलं होतं.

"बाबा!" मी किंचाळले. ते हातात चहाचा कप घेऊनच आले. "काय झालं? पाहुणे इंजिन बघायला येणार म्हणालात ना? गंज होता तिथे. म्हटलं, बरं दिसत नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं नसती उठाठेव करायला?" मी बापाला असं कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. नवरा तर मटकन खालीच बसला होता. तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "त्यांना वाटणार आपण खोडला. त्यांना वाटणार आपण मुद्दाम खोडला." बाबा त्याच्याकडे बघत राहिले, मग इंजिनाकडे, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ते काहीतरी बोलणार होते, तोवर बाहेर ट्रकचा दरवाजा आपटला.

आजींचा मुलगा आला, बरोबर चष्मा लावलेला एक वाळका माणूस. पिस्तूल होतंच. चष्मेवाल्यानं वाकून टॉर्च मारली. फुलं बाजूला सारली, कुंकवावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. मग उभा राहिला आणि म्हणाला, "हे ताजं घासलेलं आहे. नंबर लपवायचा असल्याशिवाय असं कुणी करत नाही." आणि वर, माझ्या नवऱ्याकडे बघून, "असे नंबर खोडणं गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?"

मी इंग्रजीत काय काय सांगत सुटले. सण असतो, हत्यारांची पूजा असते, वडील नवीन आहेत, त्यांना माहीत नव्हतं. माझं मलाच खोटं वाटत होतं. कोण विश्वास ठेवणार? त्या मुलानं एक हात कंबरेवर ठेवला. कदाचित तो नुसताच तसा उभा राहिला असेल, मोठ्या पोटाची माणसं राहतात तशी. पण त्या हाताखाली काय होतं ते मला दिसत होतं, आणि नवरा सरकून बाबांच्या पुढे उभा राहिला.

त्या मुलानं नवऱ्याला बाजूला हो म्हणून खूण केली आणि थेट बाबांना विचारलं. अगदी सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं. तिथे आकडे होते का? तुम्ही पाहिलेत का?

"काय म्हणतोय?" बाबांनी मला विचारलं. त्यांना कळलं होतं, तरी विचारलं. मी म्हटलं, "आकडे होते का विचारतोय. बाबा, नीट आठवून सांगा. नाही आठवत म्हणा. नाही आठवत म्हटलं तर बरं होईल."

बाबांनी कप खाली ठेवला, हात जोडले आणि स्वतःच्या इंग्रजीत म्हणाले, "यस. नंबर वॉज देअर. आय रब. माय मिस्टेक. दे नॉट नो. ओन्ली मी. सॉरी."

मला वाटलं, संपलं. बापानं आपल्या हातानं आमच्या गळ्यात फास अडकवला. नंबर होता आणि आम्ही खोडला, हे आता कबूलच झालं, आणि तेही साक्षीदारासमोर. मी डोळे मिटून घेतले.

मग तो मुलगा म्हणाला, "हे तेच इंजिन आहे, असं तो नेहमी सांगायचा. दर बार्बेक्यूला सांगायचा. आम्ही हसायचो त्याला." तो त्याच्या वडलांबद्दल बोलत होता. मी डोळे उघडले तेव्हा त्याचा हात कंबरेवर नव्हता, गाडीच्या छतावर होता. चष्मेवाला त्याला म्हणाला, नंबराशिवाय ही ओढून न्यायच्या लायकीची नाही. त्यानं ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला, बाबांसमोर थांबला, म्हणाला, "आता आणखी काही धुऊ नका." आणि गेला. ट्रक गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत आम्ही तिघं तसेच उभे होतो. मग नवरा घाईघाईनं सिंकपाशी गेला आणि त्याला उलटी झाली.

सुटलो असं कुणाला वाटेल. मला नाही वाटलं. पुढचे दोन आठवडे मी दाराची बेल वाजली की दचकायचे. तो पोलिसात गेला असेल. त्या चष्मेवाल्यानं कळवलं असेल. पोलिसांची गाडी गल्लीत आली की मी हातातलं काम टाकून खिडकीशी. एकदा ती खरंच आमच्या घरासमोर थांबली, शेजारच्यांचं कुत्रं हरवलं होतं म्हणून. इंटरनेटवर तर कहरच चालला होता. खरी, अस्सल, एकमेव गाडी सापडली होती आणि एका भारतीय म्हाताऱ्यानं पूजेसाठी तिचा नंबर घासून टाकला, असं लोक लिहीत होते. आता कुणी 'असू शकते' म्हणत नव्हतं. म्हाताऱ्यानं स्वतः कबूल केलं म्हणे.

बाबांशी मी नीट बोलत नव्हते. जेवायला वाढायचे, गोळ्या द्यायचे, बस. नवरा म्हणाला, अगं, जाऊ दे, त्यांना काय माहीत. मी म्हटलं, माहीत नव्हतं तर 'आठवत नाही' म्हणायला काय झालं होतं? मी सांगितलं होतं ना तसं!

बाबांच्या परतीच्या आदल्या दिवशी मी त्यांची बॅग भरत होते. ते पलंगावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, एक सांगा. खोटं बोला म्हटलं तर तुम्हाला एवढं जड का गेलं?"

"खोटंच बोललो की," ते म्हणाले.

मी हातातला शर्ट बॅगेवर टाकला.

"तिथे नंबर नव्हता गं. साबणानं मळ काढला तेव्हा खाली नुसता गंज होता. जुना. मला इंजिनातलं काय कळतंय, पण जन्मभर आकडेच वाचलेत मी. असता तर दिसला असता. त्या माणसाच्या बापानंच कधीतरी खोडला असेल, नाहीतर मुळातच नसेल. मी त्यावरून पेपर मारला, झालं."

"मग खरं का नाही सांगितलं? आपण सुटलो असतो ना!"

"सुटलो असतो?" त्यांनी हातातला मोजा खाली ठेवला. "कुणी ठेवला असता विश्वास? म्हणाला असता, ही माणसं लबाड. आणि विश्वास ठेवला असता, तर मग त्याचा बाप लबाड. कंबरेला ते लावून आलेल्या माणसाला हे मी कुठल्या तोंडानं सांगू? फार घाबरलो होतो मी. वाटलं, कुणाच्या तरी नावावर जाऊ दे हे, तर माझ्याच जाऊ दे."

"आणि तुम्हाला पकडून नेलं असतं तर? मला सांगायचं तरी, बाबा!"

"तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं," ते म्हणाले. "मी काय, उद्या विमानात बसेन. तुम्हाला इथेच राहायचंय."